सुई टोचली तर, आणि टोचू नये म्हणून: रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संसर्ग नियंत्रणाचं काम करताना वॉर्डात, ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), लॅबमध्ये, लाँड्रीत आणि कचऱ्याच्या खोलीत मला जे प्रश्न विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. काही जण उघड विचारतात. बरेचसे मात्र जिन्यात गाठून, हळू आवाजात विचारतात. सगळी उत्तरं वाचायला वेळ नसेल आणि सुई आत्ताच टोचली असेल, तर पहिला प्रश्न वाचा आणि उठा.

आत्ताच सुई टोचली. सगळ्यात आधी काय करू?

हातातलं काम थांबवा. शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारा, रुग्ण त्यांच्या हवाली करा आणि सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात टाकून नळाकडे जा. ग्लोव्ह्ज काढा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवा. रक्त आपोआप येत असेल तर येऊ द्या, पण बोट पिळू नका आणि तोंडात तर अजिबात घालू नका.

डोळ्यात रक्त उडालं असेल तर स्वच्छ पाण्याने किंवा सलाईनने डोळा भरपूर धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती आत असतानाच आधी डोळा धुवा, मग लेन्स काढून पुन्हा धुवा. तोंडात उडालं असेल तर थुंकून टाका आणि पाण्याने पुन्हा पुन्हा चुळा भरा.

मग लगेच इन्चार्जना सांगा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना दाखवा. ड्युटी संपल्यावर नको आणि उद्या सकाळीही नको. रुग्ण कोण होता, सुई कसली होती आणि किती वाजता टोचली, या तीन गोष्टी हातावर लिहून ठेवल्या तरी चालेल. घाबरलेल्या माणसाला पाच मिनिटांपूर्वीचंही आठवत नाही.

पिळलं तर वाईट रक्त बाहेर जाईल ना? स्पिरिट ओतलं तर जंतू मरतील ना?

हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं की मीही तेच केलं होतं. नोकरीचा तिसरा महिना, रात्रपाळी. रक्त काढून झालं होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांत टोपण, उजव्या हातात सिरिंज, आणि कॅप लावताना सुई टोपणाच्या बाजूने सरकून थेट तर्जनीत. ग्लोव्हच्या आत टपोरा लाल थेंब दिसला. मी बेसिनपाशी उभी राहून बोट निळं पडेपर्यंत पिळत राहिले आणि वर स्पिरिट ओतलं. झोंबलं म्हणून बरं वाटलं. आता काहीतरी मरत असणार, अशी समजूत.

पिळण्याने संसर्ग टळतो याला आधार नाही. उलट तिथली त्वचा आणि पेशी चेचल्या जातात. स्पिरिट, ब्लीच, आयोडीन जखमेत घातल्याने कातडीला इजा होते. साबण आणि पाणी पुरेसं आहे. त्या रात्री माझी वीस मिनिटं बेसिनपाशी गेली, आणि पुढचे तीन तास कुणाला सांगावं या विचारात. पिळण्यापेक्षा ती तीन तासांची गप्प राहण्याची चूक मोठी होती.

धोका नेमका किती असतो?

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, म्हणून आकडे सरळ सांगते. संसर्ग असलेल्या रुग्णाच्या रक्ताची सुई टोचली, तर:

एचआयव्हीचा धोका सुमारे ०.३ टक्के, म्हणजे अशा हजार घटनांमागे तिघांना. हिपॅटायटिस सीचा आकडा अनेक वर्षं १.८ टक्के सांगितला जायचा, अलीकडच्या अभ्यासांत तो ०.२ टक्क्यांच्या आसपास आला आहे. हिपॅटायटिस बीचा धोका, लस घेतलेली नसेल तर, ६ ते ३० टक्के.

यातला शेवटचा आकडा पुन्हा वाचा. लोक एचआयव्हीच्या नावाने रात्रभर रडतात आणि हिपॅटायटिस बीच्या लसीचा तिसरा डोस राहिलाय हे त्यांना आठवतही नाही. बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो.

शिवाय सगळे प्रिक, म्हणजे सुई टोचण्याच्या घटना, सारखे नसतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एचआयव्हीचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी नेमक्या दिसल्या होत्या: जखम खोल असणं, सुईवर डोळ्यांना दिसेल एवढं रक्त असणं, सुई थेट रुग्णाच्या शिरेत किंवा धमनीत गेलेली असणं आणि रुग्णाचा आजार अखेरच्या टप्प्यात असणं. पोकळ सुईच्या नळीत रक्त राहतं. टाक्यांची सुई भरीव असल्याने तिच्यावर ते कमी राहतं. म्हणून डॉक्टर तुम्हाला हे सगळे बारकावे विचारतात. ते उलटतपासणी घेत नसतात, औषध ठरवत असतात.

मी हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे. मग निश्चिंत राहू का?

तीनही डोस झालेत का? नेहमीचा क्रम आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी असा असतो. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली अँटिबॉडी (विषाणूशी लढणारं प्रथिन) मोजतात. ती १० mIU/ml किंवा त्याहून जास्त आली की तुमचं शरीर तयार आहे असं मानतात. हा कागद जपून ठेवा, प्रिकच्या रात्री तोच लागतो.

लस घेऊनही ज्यांच्यात अँटिबॉडी तयार होत नाही, असे काही जण असतात. त्यांना पुन्हा डोस देऊन पाहतात. त्यांना किंवा लसच न घेतलेल्यांना बाधित रक्ताची सुई टोचली, तर हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, द्यावं लागतं, शक्यतो २४ तासांच्या आत.

हिपॅटायटिस सीला लस नाही आणि प्रिकनंतर घ्यायचं प्रतिबंधक औषधही नाही. पण वेळेवर चाचणी झाली आणि संसर्ग सापडलाच, तर ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा असं काही नव्हतं.

पीईपी म्हणजे काय आणि ते किती वेळात सुरू करायचं?

एचआयव्हीचा विषाणू शरीरात घर करण्याआधी त्याला अडवणारी औषधं. जितक्या लवकर तितकं चांगलं, म्हणजे शक्य असेल तर त्याच तासा-दोन तासांत. ७२ तासांनंतर सहसा सुरू करत नाहीत. एकदा सुरू केलं की २८ दिवस पूर्ण घ्यायचं.

वर सांगितलेल्या १९९७च्या अभ्यासात झिडोव्ह्युडिन या एकाच औषधाने धोका सुमारे ८१ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आता तीन औषधं एकत्र देतात, बहुतेक वेळा टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर. पूर्वीच्या गोळ्यांनी माणसं ओकून ओकून हैराण व्हायची आणि दहाव्या दिवशी सोडून द्यायची. आताच्या गोळ्या बऱ्याच सुसह्य आहेत. तरी मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं असं झालं तर स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. त्यामुळे औषध नाकारलं जात नाही, फक्त विचार करून दिलं जातं. रुग्णाच्या चाचणीचा निकाल यायचा म्हणून पहिला डोस थांबवायचा नसतो. निकाल निगेटिव्ह आला तर औषध पुढे बंद करता येतं.

सुई कुणाची होती हेच माहीत नसेल तर?

हे नेहमी होतं, विशेषतः कचरा उचलताना. अशा वेळी सुई कुठे सापडली, तिथे कोणते रुग्ण होते, रक्त ओलं होतं की सुई कधीची पडलेली होती, यावरून डॉक्टर ठरवतात. ती सुई चाचणीला पाठवायचा हट्ट धरू नका. त्यातून भरवशाचं काही कळत नाही, आणि हाताळताना आणखी कुणाला तरी टोचते.

रुग्ण माहीत असेल तर त्याची चाचणी त्याची संमती घेऊन करायची. “सिस्टरना सुई लागलीय, तुमची तपासणी केली तर त्यांना योग्य औषध देता येईल,” एवढं सांगितलं की बहुतेक जण हो म्हणतात. त्याला अपराध्यासारखं वागवू नका.

कॅप लावू नका म्हणता. मग उघडी सुई घेऊन वॉर्डभर फिरायचं का?

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि तुम्हाला फिरावं लागत असेल तर चूक तुमची नाही. माणूस कॅप लावतो कारण डबा लांब असतो. खाट अकरावर सुई वापरायची, डबा नर्सिंग स्टेशनच्या कोपऱ्यात, मध्ये दोन नातेवाईक आणि एक स्ट्रेचर. उघडी सुई हातात धरून तिथवर जाणं भीतीदायक वाटतं, म्हणून टोपण शोधलं जातं. भिंतीवर “कॅप लावू नये” असा कागद चिकटवून हे थांबत नाही. डबा खाटेपाशी आणला की थांबतं.

दोन हातांनी कॅप लावताना डावा हात सुईच्या समोर येतो. टोपणाचं तोंड जेमतेम सुईएवढं, हात थकलेला, नजर मॉनिटरवर, आणि त्यात कुणीतरी हाक मारतं. टोपण चुकतं, बोट सापडतं.

म्हणून वापरलेली सुई सिरिंजपासून वेगळी न करता, न वाकवता, न मोडता, आहे तशी डब्यात टाका. डबा ट्रॉलीवर किंवा ट्रेशेजारी, हात लांब केला की पोचेल इतका जवळ हवा, आणि सुई टोचण्याआधीच तिथे हवा. मी नव्या मुलींना सांगते की आधी डबा, मग टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा).

काही कामांत कॅप लावणं खरंच टळत नाही. तेव्हा एका हाताने लावा. टोपण ट्रेमध्ये किंवा टेबलावर आडवं ठेवा, दुसरा हात पाठीमागे घ्या, सुईचं टोक टोपणात सरकवून ते वर उचला आणि उभं झाल्यावर तळाशी धरून घट्ट करा. दुसरा हात पाठीमागे घ्या, असं मी मुद्दाम म्हणते. नुसता बाजूला घेतला तर तो मदतीला येतोच, हाताला सवय असते.

डबा कसा हवा आणि किती भरू द्यायचा?

सुईने भोक पडणार नाही, गळणार नाही, झाकण बसेल आणि उलटणार नाही असा. सलाईनची रिकामी बाटली किंवा पुठ्ठ्याचं साधं खोकं म्हणजे डबा नव्हे. तोंड नजरेच्या खाली हवं, म्हणजे आत काय आहे ते दिसतं. तीन चतुर्थांश भरला की बंद करून बदला. भरलेल्या डब्यात सुई कोंबायची नाही, आणि जागा करायला डबा हलवायचा किंवा आपटायचा नाही.

हा नियम किती साधा वाटतो! जुलै १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॅरन डेली नावाच्या अनुभवी परिचारिकेने आपत्कालीन विभागात एका रुग्णाचं रक्त काढलं आणि सुई भिंतीवरच्या डब्यात टाकली. आत आधीच वर आलेली दुसरी सुई त्यांच्या बोटात घुसली. काही महिन्यांत त्यांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही झाल्याचं कळलं. त्यांनी सगळे नियम पाळले होते. दोष डब्याचा होता. त्यांनी हे लपवलं नाही, जाहीरपणे बोलत राहिल्या. ६ नोव्हेंबर २००० रोजी अमेरिकेत सुईच्या जखमा टाळण्यासाठीच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली, तेव्हा त्या तिथे हजर होत्या. पुढे त्या तिथल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षही झाल्या.

सेफ्टी नीडल खरंच उपयोगाच्या आहेत का?

हो. त्याच कायद्याने रुग्णालयांना सुरक्षित सुया वापरणं, जखमांची नोंद ठेवणं आणि कोणती सुई घ्यायची हे ठरवताना प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचं मत घेणं बंधनकारक केलं. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, तिथल्या रुग्णालयांतल्या अशा जखमांचं प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांनी घटल्याचं एका अभ्यासात दिसलं. वर्षभरात सगळ्यांचे हात एकदम कुशल झाले नव्हते. वस्तू बदलली होती.

सुयांमध्ये दोन तऱ्हा असतात. एकीत सुई बाहेर काढताना आपोआप झाकली जाते. दुसरीत तुम्हाला बटण दाबावं लागतं किंवा आवरण पुढे सरकवावं लागतं. शक्य असेल तिथे पहिली मागा, कारण धावपळीत बटण राहून जातं. दुसरी असेल तर “टक्” आवाज येईपर्यंत आवरण सरकवा, आणि ते सुईच्या टोकासमोर बोट न आणता. नवी सुई आली की आधी संत्र्यावर किंवा सरावाच्या हातावर दहा-बारा वेळा करून बघा. रुग्णावर पहिला प्रयोग नको.

आणि सुईच लागणार नाही असं काम शोधा. औषध तोंडाने देता येत असेल तर इंजेक्शन कशाला? सलाईनच्या नळीत औषध सुईविना जोडणीतून देता येतं. दिवसातून चार वेळा रक्त काढण्याऐवजी एकदाच नीट ठरवून काढता येतं. न वापरलेली सुई कुणालाच टोचत नाही.

ग्लोव्ह्ज घातले होते तरी सुई आत गेली. मग घालून काय फायदा?

ग्लोव्ह सुई अडवत नाही, ती पुसतो. आत शिरताना सुईवरचं बरंचसं रक्त ग्लोव्हवरच राहतं आणि जखमेत कमी जातं. म्हणून घालायचेच.

ओटीत काय वेगळं करावं?

तिथे ब्लेड, टाक्यांच्या सुया, हुक, वायर, सगळंच धारदार, आणि एकाच छोट्या जागेत सहा-आठ हात. ग्लोव्ह्जचे दोन जोड घाला. आतल्या ग्लोव्हला भोक पडण्याचं प्रमाण त्याने खूपच कमी होतं. स्नायू आणि खालचे थर शिवताना बोथट टोकाची सुई वापरली तर ग्लोव्ह फाटण्याच्या घटना सुमारे निम्म्यावर येतात.

ब्लेड हातातून हातात देऊ नका. मध्ये एक ट्रे ठेवा, देणाऱ्याने “ब्लेड” म्हणून त्यात ठेवायचं, घेणाऱ्याने त्यातून उचलायचं. सुरुवातीला सर्जन कुरकुरतात, वेळ जातो म्हणतात. सेकंद-दोन सेकंद जातात, खरं आहे. ब्लेड हॅन्डलवरून बोटांनी काढू नका, चिमट्याने किंवा ब्लेड रिमूव्हरने काढा.

धारदार हत्याराची ही भीती एचआयव्हीबरोबर आलेली नाही. १८४७ साली व्हिएन्नात शवविच्छेदन करताना प्राध्यापक याकोब कोलेच्का यांना विद्यार्थ्याच्या हातातला चाकू लागला आणि थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांचे मित्र डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी कोलेच्कांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचला. बाळंतरोगाने मेलेल्या बायकांच्या शरीरात जे दिसायचं, तेच त्यात होतं. डॉक्टरांनी हात धुतलेच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह तिथून सुरू झाला.

मी सिस्टर नाही, झाडलोट करते. सुईला हातही लावत नाही. मला काय धोका?

मावशी, तुम्हाला धोका आहे, आणि तो दुसऱ्याने केलेला असतो. सुई वापरणारा हात निघून जातो आणि ती सापडते तुमच्या हाताला: चादरीच्या घडीत, गादीखाली, किडनी ट्रेमध्ये कापसाखाली, काळ्या पिशवीच्या तळाशी.

पिशवी दाबून हवा काढू नका, ती पायाला लागेल अशी धरू नका आणि खालून हात घालून उचलू नका. वरच्या गाठीला धरून, अंगापासून लांब न्या. चादर छातीशी कवटाळू नका. झटकूही नका, कडेकडेने आत गुंडाळत आणा. जमिनीवर सुई दिसली तर हाताने उचलायची नाही. चिमटा किंवा झाडू-सुपली घ्या, आणि डबा सुईपाशी न्या. जाड हातमोजे आणि बंद बूट ही तुमची हक्काची साधनं आहेत, मागून घ्या. हिपॅटायटिस बीची लस तुम्हालाही तितकीच लागते. कंत्राटावर आहात म्हणून कुणी टाळत असेल, तर माझ्यासारख्या कुणाला तरी सांगा.

आणि सुई वापरणाऱ्या सगळ्यांना: जितक्या सुया ट्रेमध्ये नेल्या, तितक्या डब्यात गेल्या का, हे मोजूनच खाटेपासून हला.

रात्रपाळीत जास्त होतं, हे खरं का?

थकवा आणि लक्ष विचलित होणं ही कारणं शिकाऊ डॉक्टरांच्या अभ्यासात स्पष्ट दिसली आहेत. लांबलेल्या ड्युटीनंतर हे जास्त घडतं. मूल किंवा गोंधळलेला रुग्ण असेल तर एकट्याने रक्त काढायला जाऊ नका, धरायला दुसरं माणूस घ्या.

सांगितलं तर ओरडा बसेल. गप्प राहिलं तर चालणार नाही का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या अहवालात जगातल्या साडेतीन कोटी आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ३० लाखांना दरवर्षी अशा जखमा होतात, असा अंदाज दिला होता. नोंदवहीत मात्र यातल्या कितीतरी कमी येतात. कारण तुम्ही सांगितलंत तेच: ओरडा, लाज, आणि “एवढंसं तर टोचलं”.

पण नोंद नसेल तर त्या दिवशीची चाचणी होत नाही. त्या दिवशी तुम्ही निगेटिव्ह होता याचा पुरावा राहत नाही. पुढे काही निघालं तर ते कामावर झालं हे सिद्ध करता येत नाही आणि भरपाईही अडते. पीईपीचे तास तर गेलेलेच असतात. शिवाय एकाच वॉर्डात एकाच प्रकारच्या कॅन्युलामुळे (शिरेत बसवायच्या नळीमुळे) तीन प्रिक झालेत हे नोंदीशिवाय कुणालाच कळत नाही, आणि चौथा होतो.

इन्चार्ज असाल तर तुम्हाला एवढंच सांगते: “लक्ष कुठे होतं?” हे पहिलं वाक्य असेल, तर पुढच्या प्रिकची बातमी तुमच्यापर्यंत येणार नाही.

चाचण्या किती दिवस चालतात? घरी काय सांभाळायचं?

पहिली चाचणी त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत. हिपॅटायटिस सीसाठी ३ ते ६ आठवड्यांनी विषाणूची थेट चाचणी आणि ४ ते ६ महिन्यांनी अँटिबॉडीची. एचआयव्हीसाठी साधारण ६ आठवड्यांनी, मग पुढच्या तारखांना. शेवटची चाचणी कोणत्या प्रकारची आहे यावर ती ४ महिन्यांनी की ६ महिन्यांनी हे ठरतं.

तोवर रक्तदान करू नका आणि कंडोम वापरा. एका ताटात जेवायला, मुलांना जवळ घ्यायला, स्वयंपाक करायला काहीच हरकत नाही. हे मी दरवेळी न विचारता सांगते, कारण एक सहकारी तीन महिने मुलीला पापा द्यायची थांबली होती आणि तिने कुणाला विचारलंही नव्हतं.

माझ्या मैत्रिणीला प्रिक झालाय. मी काय करू?

तिचं उरलेलं काम तुम्ही घ्या. तिच्याबरोबर नळापर्यंत जा, वेळ लिहून घ्या, डॉक्टरांकडे तिला एकटी पाठवू नका. फॉर्म तुम्ही भरा, तिचा हात थरथरत असेल. गोळ्या सुरू झाल्या तर २८ दिवसांचा अलार्म आपल्याही फोनवर लावा. दुसऱ्या आठवड्यात, सगळे विसरलेले असतात तेव्हा, तिला झोप लागतेय का हे विचारा.